रोबोटच्या बॅजची पाचवी अट

१२ नोव्हेंबर

आज धाराशिवला बैठकीला गेलो आणि गळ्यात धोंड बांधून घेऊन आलो. जिल्ह्यातल्या स्काउट-गाइडच्या पोरांसाठी म्हणे आता रोबोटिक्सचा बॅज काढायचा आहे. आजवर गाठी बांधायचा बॅज होता, प्रथमोपचाराचा होता, स्वयंपाकाचाही होता. तो बाहीवर शिवला की पोरगं महिनाभर आईला शर्ट धुऊ देत नाही. आता त्याच बाहीवर यंत्रमानव बसणार.

बॅज समितीचे अध्यक्ष रणधीर साहेब बराच वेळ बोलले. काय बोलले ते त्यांनाच ठाऊक. माईक होता, पण नावाला. साहेबांचे ओठ हलत होते आणि मी मान हलवत होतो. बैठकीत आणखी काय करायचं असतं? मग एकदम सगळे माझ्याकडं वळून टाळ्या वाजवायला लागले. शेजारच्या मास्तरानं पाठीवर थाप मारून अभिनंदन केलं तेव्हा कळलं, की बॅजच्या अटी लिहायचं काम मी हसतमुखानं स्वीकारलेलं आहे.

बावीस वर्षं सास्तूरच्या पोरांना गाठी शिकवल्या. अशी गाठ मात्र कधी बसली नव्हती.

घरी येऊन उमादेवीला सांगितलं. ती हल्ली काही बोलायचं असलं की हातातलं काम टाकून माझ्यासमोर येऊन उभी राहते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हिला माझं तोंड एवढं बघावंसं का वाटतं, देव जाणे. म्हणाली, "सायब काय म्हणले ते परत इचारायचं हुतं की." मी म्हटलं, साहेबांना पुन्हा बोला म्हणणं शिस्तीत बसत नाही.

१५ नोव्हेंबर

हेडसर महारुद्र यांना आनंदाचं भरतं आलंय. त्यांना रोबोट म्हणजे काय ते माहीत नाही, पण पेपरात फोटो येतो हे माहीत आहे. गाइड कॅप्टन मोनिका मॅडम बाळंतपणाच्या रजेवर, त्यामुळं मुलीही माझ्याच गळ्यात. बॅजसाठी तिघं पुढं आली. हर्षाली दहावीत आहे, माकणीहून सायकलनं येते. तिला पुढच्या वर्षी शाळा नाही, म्हणजे बॅज मिळाला तर यंदाच. शिवगंगा नववीत आणि सुरज आठवीत. हुशार आहेत, पण तिघंही ओठांतल्या ओठांत बोलतात. आजकाल सगळीच पोरं तशी बोलतात. मोबाइलमुळं असेल.

आणि शाळेच्या शिपाई कमलबाई. त्यांचं काय बिनसलंय कळत नाही. तास संपल्याचा टोल द्यायलाच विसरतात. आज मी अपूर्णांक शिकवत राहिलो आणि तेवढ्यात बाकीची शाळा खिचडी खाऊन हात धुवत होती. माझा वर्ग उपाशीपोटी मुकाट बसून होता. पोरांनी तरी सांगायचं की नाही? कमलबाईंना बोललो तर त्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या, जणू मीच काही गुन्हा केला.

२० नोव्हेंबर

अटींच्या निमित्तानं शहरातल्या एका मोठ्या शाळेचा रोबोट बघायला नेलं होतं. दुकानातून आणलेल्या तयार पेटीतले भाग जोडून केलेला. तो काय करतो? पाहुण्यांच्या गळ्यात हार घालतो. मग बाजूला सरकून सलाम ठोकतो. रणधीर साहेबांनी स्वतः तीनदा हार घालून घेतला. शाल आणि नारळाचीही सोय होईल का, एवढीच त्यांची शंका होती. हाच नमुना धरून अटी लिहा, असं मला प्रेमानं सांगण्यात आलं.

आमच्या आमदारापासून सरपंचापर्यंत कोणाचा सत्कार करायला माणसं कमी पडतात, असं मला तरी कधी दिसलं नाही.

चिडून घरी आलो आणि एका बैठकीत अटी लिहून टाकल्या. पहिल्या चार साध्या. यंत्रानं स्वतः काहीतरी ओळखावं, स्वतः हालचाल करावी, पोरांनी स्वतः जोडावं, बिघडलं तर स्वतः दुरुस्त करावं. पाचवी मात्र खास हारवाल्यांसाठी लिहिली. स्काउट रोज एक सत्कृत्य करतो, तर त्याच्या यंत्रानंही करावं. यंत्रानं कोणातरी जिवंत माणसाची खरी अडचण दूर केली पाहिजे, आणि त्या माणसानं परीक्षकांपुढं उभं राहून ती अडचण स्वतःच्या तोंडानं सांगितली पाहिजे.

आता घाला म्हणावं हार.

२७ नोव्हेंबर

उमादेवी माकणीला माहेरी गेली आहे. मी वरण लावून शेजारीच तपासायच्या वह्या घेऊन बसलो. कुकरनं शिटीच दिली नाही. शेजारचा शंभुलिंग भिंतीवरून उडी मारून आत आला आणि गॅस बंद केला. कुकरचा तळ कोळसा झालेला. शंभुलिंग काहीतरी तावातावानं हातवारे करत होता. या माणसाला माझ्या टीव्हीच्या आवाजाचाही त्रास होतो. शेजाऱ्याचं बरं चाललेलं काहींना बघवत नाही.

लोहाऱ्याहून नवी शिटी आणली. तीही खराबच निघाली. हल्ली कंपन्या काहीही विकतात.

३ डिसेंबर

समितीनं अटी मान्य केल्या. पाचवी कोणी वाचली नसावी, नाहीतर झाल्या नसत्या. मात्र एक शेपूट लावलंय. बावीस फेब्रुवारीला तुळजापूरच्या मेळाव्यात पहिली परीक्षा. पाचवी अट पूर्ण करणारं एकही पथक निघालं नाही, तर ती अव्यवहार्य समजून गाळायची आणि हाराचा नमुना कायम करायचा.

म्हणजे माझं नाक आता तीन पोरांच्या हातात.

११ डिसेंबर

पोरं गावात अडचणीतला माणूस शोधत फिरतायत. मी समजत होतो सास्तुरात अडचणींना काही तोटा नाही. पण भूकंपानंतर घरं नवी मिळाली तशी माणसंही नवी मिळाली असावीत. कोणालाच काही होत नाही.

अमरसिंह काकांचा हात इतका कापतो की कपातला अर्धा चहा बशीतसुद्धा पडत नाही, थेट धोतरावर पडतो. पोरांनी कप धरणारं यंत्र करू का विचारलं तर म्हणाले, "हात कुठं कापतुय? चहाच लई गरम हाय!" आणि काठी घेऊन अंगणाबाहेर घालवलं. गजराबाईंना पायऱ्या चढवत नाहीत. त्या म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला काय झालंय? आधी तुमच्या मास्तरलाच दवाखान्यात न्या जावा."

हे शेवटचं सुरजनं मला सांगितलं आणि शिवगंगानं त्याच्या पायावर पाय दिला. माझ्या दवाखान्याचा इथं काय संबंध? म्हाताऱ्या माणसाला कधी कुठला विषय सुचेल, सांगता येत नाही.

खरं सांगायचं तर मला या लोकांचा राग आला. आपली एक अडचण चार माणसांत कबूल करायची, त्यात एवढं काय मोठं? उगीच नाक वर करून जगायचं आणि धोतर भिजवत बसायचं. पोरांनाही हेच सांगितलं. तिघंही खाली मान घालून ऐकत होती. हर्षालीनं हळूच माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर.

१९ डिसेंबर

पोरांनी शोध थांबवलाय. माणूस मिळाला म्हणतात. कोण ते सांगत नाहीत.

"मेळाव्यातच सांगताव, सर," हर्षाली म्हणाली. अगदी समोर उभी राहून, एकेक शब्द सुटा करून. हीसुद्धा उमादेवीची तऱ्हा उचलायला लागली की काय!

हल्ली तिघंही संध्याकाळी माझ्याच घरी पडलेली असतात, पण माझ्याकडं नाही, स्वयंपाकघरात. उमादेवी त्यांना शेंगदाण्याचे लाडू देते आणि चौघांचं काहीतरी गुफ्तगू चालतं. मी आत गेलो की सगळे लाडू खायला लागतात. मी बॅजच्या अटी लिहिणारा माणूस, आणि माझ्याच घरात मला प्रवेश नाही.

७ जानेवारी

यंत्राचं दर्शन झालं. जेवणाचा जुना डबा, त्याला खेळण्यातल्या गाडीची चाकं आणि वर काडीला स्काउटच्या जुन्या स्कार्फचा तुकडा लावून केलेला झेंडा. याला रोबोट म्हणायचं तर आमच्या घरच्या मिक्सरला शास्त्रज्ञ म्हणावं लागेल.

डब्यात एक हिरवी पाटी बसवली आहे. हे काय म्हणून विचारलं तर शिवगंगा म्हणाली, "तापमान मोजतंय, सर." चाचणीसाठी काही दिवस वर्गात माझ्या टेबलावर ठेवू का, असंही विचारलं. ठेवा म्हटलं. डस्टरला तरी सोबत होईल.

१७ जानेवारी

हा डबा म्हणजे बेशिस्तीचा नमुना आहे. मी रंगात येऊन शिकवत असतो आणि हा मध्येच खडबडत जागा होतो, माझ्याकडं सरकतो, हाताला टक्कर देतो आणि झेंडा वर करतो. थंडी वाजते म्हणून की ऊन लागतं म्हणून, ते कळायला मार्ग नाही. तापमानाचा आणि त्याचा काही संबंध मला लागलेला नाही. मी वैतागून पुस्तक मिटतो. नशिबानं दर वेळी तेवढ्यातच तास संपलेला असतो.

त्यातल्या त्यात समाधान म्हणजे कमलबाई सुधारल्या. आठवडाभरात एकही टोल चुकला नाही. माझा वर्ग पहिल्यांदाच वेळेवर खिचडीला जातोय. आज त्यांना सर्वांसमोर शाबासकी दिली. त्यांनी पदर तोंडाला लावला. कौतुकाची सवय नसली की माणसाला असं गहिवरून येतं.

२८ जानेवारी

आज शाळेतून येताना उसाचा ट्रॅक्टर अगदी अंगावर आला. हल्लीचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत नाहीत. सुरजनं मला कंबरेला धरून बाजूला ओढलं, दोघंही रस्त्याकडेच्या तुरीत पडलो. ट्रॅक्टरवाला खाली उतरून मलाच हात नाचवत होता.

सुरज रोज घरापर्यंत माझ्यासोबत येतो आणि कायम रस्त्याच्या बाजूनं, मला खेटून चालतो. नीट चाल म्हणून मी त्याला किती वेळा रागावलोय. आज रागावलो नाही. त्यानं घरापर्यंत माझा हात सोडला नाही. काळजीपेक्षा मला त्याचंच नवल वाटलं. पडलो मी, घाबरला तो.

उमादेवीनं गुडघ्याला हळद लावली.

१२ फेब्रुवारी

आज मी पोरांना फाडून खाल्लं.

दहा दिवसांवर मेळावा आणि यंत्र काय करतं ते मला अजून माहीत नाही. मी स्पष्ट विचारलं, हा डबा कोणाची अडचण दूर करतो? तिघंही डब्याचा झेंडा सरळ करायला लागली. मी म्हटलं, झेंडा वर-खाली करायला मेळाव्यात ध्वजस्तंभ आहे, तुमची गरज नाही. माणसाचं नाव सांगा, नाहीतर मी पथक नेणार नाही. तिकडं हार घालणारे जिंकतील आणि माझी अट कचऱ्यात जाईल.

हर्षाली रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "नाव न्हाय सांगणार, सर. बॅज न्हाय मिळाला तरी चालंल."

ज्या पोरीला यंदाच काय ती संधी आहे, ती म्हणते चालंल! इतकं कोणाला पाठीशी घालतायत ही पोरं? त्या माणसालाही लाज नाही. लेकरं त्याच्यासाठी रात्रंदिवस राबतात आणि तो पुढं यायला तयार नाही.

घरी येऊन उमादेवीला सांगितलं. ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पथक न्यायचं. म्याबी येणार. देवीचं दर्शन घ्यायचंय." बाई नवरात्रातसुद्धा कधी तुळजापूरला आली नाही. आताच कुठला नवस आठवला?

२३ फेब्रुवारी

काल मेळावा झाला. जमेल तसं नीट लिहून ठेवतो.

तुळजापूरच्या मैदानावर मांडव होता. समोर परीक्षकांचं टेबल, मध्ये रणधीर साहेब. पाठीमागं सतरंज्यांवर जिल्ह्यातली सगळी पोरं आणि भक्तनिवासातून सहज डोकावलेले भाविक. हारवाला रोबोट पहिला आला. साहेबांच्या गळ्यात हार पडला. पाचव्या अटीची अडचण कोणाची, असं विचारल्यावर त्या शाळेचे सर म्हणाले (हे नंतर उमादेवीनं सांगितलं) की सत्कार करून करून संचालकांचे हात दुखतात. संचालकांनी उभं राहून तसं सांगितलंही. परीक्षकांतल्या एक बाई सोडल्या तर सगळ्यांना ते पटलेलं दिसलं.

मग आमचा नंबर. मी टेबलाजवळ उभा होतो, दोघी मुली टेबलावरच्या डब्यापाशी. शिवगंगानं मांडवाच्या टोकाकडं खूण केली. डबा खडबडला, सरकत सरकत थेट माझ्याकडं आला, हाताला टक्कर दिली आणि झेंडा वर केला. नेहमीसारखंच. पण या वेळी मी परीक्षकांकडं पाहत होतो. झेंडा हलायच्या आधी ते पाचही जण एकदम दचकले होते. सगळ्यांच्या माना माझ्या खांद्यावरून मागं वळल्या होत्या. मीही मागं वळलो. मांडवाच्या टोकाला सुरज उभा होता. हातात लोखंडी दांडा आणि समोर टांगलेला रुळाचा तुकडा. आमच्या शाळेचाच टोल होता तो. कमलबाईंनी गोणपाटात गुंडाळून दिला असणार.

तो रूळ अजून हलत होता.

परीक्षक बाईंनी माझ्याकडं बोट करून पोरांना काहीतरी विचारलं. हर्षालीनं मान हलवली, नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. साहेबांनी हातानं पुरे अशी खूण केली. तेवढ्यात बायकांच्या सतरंजीवरून उमादेवी उठली. डोक्यावरचा पदर सारखा करत पुढं आली. आयुष्यात चार माणसांपुढं न बोललेली बाई परीक्षकांकडं पाठ करून, सवयीनं माझ्याकडं तोंड करून बोलली, म्हणून मला शब्द न् शब्द कळला.

"पोरांनी हे माझ्यासाठी केलंय. मला ऐकू येत न्हाय."

ही बाई! गल्लीच्या टोकाला दोघी कुजबुजल्या तर हिला स्वयंपाकघरात कळतं. दूध उतू जायच्या आधी हिला त्याचा आवाज येतो. मला हसू आलं. आणि ते हसू तोंडातच राहिलं.

कुकर, ट्रॅक्टर, शंभुलिंग, कमलबाईंचा पदर. माझी उपाशी बसलेली पोरं. रस्त्याच्या बाजूनं चालणारा सुरज. सगळं एकावर एक येऊन आदळलं. मला फार लाज वाटली. बहिरा झालो याची नाही, ते वयानं होतं. गावातल्या सगळ्यांना जे माहीत होतं ते मला सांगायची कोणाची छाती झाली नाही, इतका मी कडू होऊन बसलो होतो याची वाटली. आणि माझ्या तोंडाची एवढी भीती असून या तीन लेकरांनी माझ्यासाठी डबा केला. माझं नाव वाचवायला स्वतःचा बॅज सोडायला निघाली. गाइड खोटं बोलत नाही हा आमचा पहिला नियम, आणि शिवगंगानं तापमान सांगितलं. मी तिला त्याबद्दल काही बोलणार नाही.

उमादेवीच्या खांद्याला धरून तिला बाजूला केलं. परीक्षकांपुढं उभा राहिलो. काय बोललो ते सांगतो, कारण मोठ्यानं बोललो असणार. माझ्या आवाजाचाही मला आता भरवसा नाही.

म्हटलं, "ही बाई खोटं बोलते. तिचे कान शाबूत आहेत. बहिरा मी आहे. सिद्धलिंग मास्तर, सास्तूर. ही पाचवी अट मीच लिहिली. दुसऱ्यांची अडचण चव्हाट्यावर आणायची तर ती लिहायला फार सोपी वाटली होती. मला टोल ऐकू येत नाही. या डब्याला येतो, आणि तो मला येऊन सांगतो. महिनाभर माझा वर्ग वेळेवर जेवला तो यांच्यामुळं."

परीक्षक बाई उठून पुढं आल्या. त्यांनी डावा हात पुढं केला, स्काउट करतात तसा. मी हात मिळवला. मग त्यांनी हर्षालीशी, शिवगंगाशी आणि धावत आलेल्या सुरजशी मिळवला. रणधीर साहेबांचे ओठ हलत होते. या वेळी मी मान हलवली नाही. साहेब, पुन्हा बोला, मला ऐकू आलं नाही, असं सरळ सांगितलं. ते उठले, टेबलाला वळसा घालून समोर आले आणि सावकाश म्हणाले, "अट राहील, सर."

गळ्यातला हार त्यांनी तोवर काढून ठेवला होता.

माझी पाठ मांडवाकडं होती. डोळ्यांत पाणी आल्यानं समोरचंही धड दिसत नव्हतं. तेवढ्यात टेबलावर खडबड झाली. डबा माझ्याकडं सरकत आला, हाताला टक्कर दिली आणि झेंडा वर गेला. म्हणजे पाठीमागं टाळ्या वाजत असाव्यात.

झेंडा बराच वेळ खाली आला नाही. यंत्रात अजून दोष आहे, सोमवारी पोरांना सांगायला हवं.